शिवरात्र ते पाडवा : बेळगाव भागातल्या परड्यात, गच्चीवर आणि मळ्यात या महिन्यात काय करायचं

मसारमाती

माघ संपत आला की इथं तेच तेच प्रश्न येतात. गुलाब छाटू का, मोगऱ्याला खत कधी घालू, भेंडी आता टाकली तर चालेल का, आंब्याला पाणी द्यायचं की नाही. सगळं एकाच ठिकाणी असावं म्हणून हा धागा.

पहिलं सांगायचं ते असं की, थंड मुलखातली बागकामाची वेळापत्रकं वाचून "वसंत आला, छाटा आणि लावा" असं करू नका. तिकडं बर्फ वितळल्यावर झाड जागं होतं आणि पुढं चार महिने कोवळं ऊन असतं. आपल्याकडं थंडी शिव शिव म्हणत गेली, की पाडव्यापर्यंत जेमतेम एक महिना मिळतो. त्यानंतर एप्रिलचं ऊन, मग वळीव. म्हणून या महिन्यातली बहुतेक कामं दोनच गोष्टींसाठी असतात. नव्या रोपाचं मूळ एप्रिलच्या आत वीतभर खाली गेलं पाहिजे, आणि जुन्या झाडाच्या बुडात ओल टिकली पाहिजे.

क्रम असा ठेवा. आधी वाफा भरपूर भिजवा, वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की चाळवा, खत मिसळा, पेरा किंवा लावा. रोप चार पानांचं झाल्यावरच आच्छादन घाला. बी उगवायच्या आधी जाड आच्छादन घातलं तर मातीला ऊब मिळत नाही आणि कोंब वर यायला धडपडतो.

आच्छादनाला आपल्या भागात पाचटासारखं स्वस्त काही नाही. गळीत हंगाम संपत आलेला असतो आणि उसाच्या फडातून ते मागितलं तर मिळतं. वीतभर तुकडे करा, तीन ते चार इंच थर द्या, खोडापासून एक हात मोकळी जागा सोडा. एक चूक बरेच जण करतात, ती म्हणजे कोरडं पाचट मातीत मिसळणं. ते कुजवणारे जीवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि आठ-पंधरा दिवसांत रोपं पिवळी पडतात. पाचट वरच पसरायचं. कुजवायचं असेल तर वेगळ्या खड्ड्यात, १०० किलोला ८०० ग्रॅम युरिया, १ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १०० ग्रॅम कुजवणारं जीवाणू-संवर्धन, थरावर थर, आणि मुठीत दाबल्यावर हात ओला होईल इतकी ओल कायम.

जांभा_खानापूर

मसारमाती अण्णा, पाचटाचं बरोबर आहे, पण खानापूरच्या पश्चिमेकडं, जांभ्याच्या तांबड्या जमिनीत त्याला वाळवी लागते. जाड कोरडा थर दिला की खालून मातीच्या नळ्या चढतात आणि आंब्या-काजूच्या कोवळ्या कलमाची साल खातात. आमच्याकडं थर दोनच इंचांचा ठेवा, तो ओलसर राहू द्या, आणि जमलं तर गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) किंवा करंजाचा हिरवा पाला वापरा. गिरिपुष्पात नत्र भरपूर असतो, त्यामुळं पाचटासारखी पिवळेपणाची अडचण येत नाही. कलमाच्या खोडाला जमिनीपासून दोन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवायचा, लोखंडी भांडं नको. शेवटी स्वच्छ लोखंडी सुरी मिश्रणात मिनिटभर धरून बघा. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला.

आणि कृपा करून पालापाचोळा जाळू नका. फेब्रुवारीत परड्यातला सगळा पाला गोळा करून पेटवायची सवय आहे आपल्या लोकांना. जांभ्याच्या जमिनीत सेंद्रिय भाग आधीच कमी, आणि पावसाळ्यात उरलेलं धुपून जातं. तो पाला म्हणजे झाडाने वर्षभर खालून वर आणलेलं खत आहे.

गच्चीवरची_फुलं

टिळकवाडीत गच्ची आहे, कुंड्यांत काळी माती, बोअरचं पाणी. जास्वंदीची वरची नवी पानं पिवळी पडायलीत, शिरा मात्र हिरव्या आहेत. राख घातली, फरक नाही. अजून घालू का?

काळंरान_अथणी

राख आजच थांबवा, ताई. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तेही वरच्या नव्या पानांत, म्हणजे लोहाची कमतरता. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असती तर नत्र कमी म्हटलं असतं. लोह मातीत असतंच, पण माती चुनखडीची झाली की मूळ ते घेऊ शकत नाही. राख आणि चुना दोन्ही त्याच बाजूला ढकलतात, म्हणून राखेनं दुखणं वाढतं.

घरच्या घरी तपासायचं तर वाळलेली चमचाभर माती बशीत घ्या, वरून व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. फसफसून बुडबुडे आले तर चुनखडी आहे.

उपाय असा. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, ५ ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड १ ग्रॅम एका लिटर पाण्यात. आधी सायट्रिक ॲसिड विरघळवा, मग हिराकस. सायट्रिक नसेल तर अर्ध्या लिंबाचा रस चालतो. द्रावण फिकट हिरवं दिसलं पाहिजे. तांबूस झालं की ते वाया गेलं, फवारून उपयोग नाही, म्हणून करायचं तेव्हाच लगेच वापरायचं. संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी, दर दहा दिवसांनी तीन वेळा. आधी पिवळी पडलेली पानं फारशी सुधारत नाहीत, नवी पानं हिरवी आली की औषध लागू पडलं असं समजायचं. मातीत नुसतं हिराकस टाकलं तर चुनखडी त्याला बांधून टाकते. कुजलेल्या शेणखतात एकास दहा मिसळून, ओलसर करून आठ-दहा दिवस ठेवा आणि मग कुंडीत द्या.

दुसरं, पाणी. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरी साय येते. वरची इंचभर माती खरवडून टाका. खालची भोकं मोकळी आहेत ना बघा, आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी हळूहळू ओतून खालून वाहू द्या. खालची ताटली काढून ठेवा, नाहीतर निघालेले क्षार परत वर चढतात. उन्हाळ्यात हे महिन्यातून एकदा कराच. अथणी, रायबाग, चिकोडीच्या काळ्या रानात, विशेषतः कालव्याच्या आणि नदीकाठच्या पट्ट्यात, हे दुखणं कुंडीतच नव्हे तर अख्ख्या शेतात दिसतं.

जांभा_खानापूर

इथं एक जोडतो, कारण हाच सल्ला खानापूरला उलटा पडेल. जांभ्याची जमीन आंबट असते. पावसानं चुना धुऊन नेलेला असतो. तिथं चुलीची राख चांगली, पोटॅश मिळतो आणि आंबटपणा कमी होतो. एका चौरस मीटरला दोन मुठी, वर्षातून एकदा. त्या जमिनीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, लोह आणि ॲल्युमिनियममध्ये अडकून बसतो, म्हणून सुपर फॉस्फेट नुसतं फेकू नये, शेणखतात मिसळून मुळाजवळ द्यावं. हाडांची भुकटीही आंबट जमिनीतच हळूहळू विरघळते, अथणीच्या काळ्या रानात ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

एकाच जिल्ह्यात कणकुंबीला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो आणि अथणीला पाचशे-सहाशे. मधे बेळगावची मसार आणि काळी माती. त्यामुळं या धाग्यावर विचारताना गाव आणि माती आधी सांगा, नाहीतर उत्तर चुकेल.

मसारमाती

अगदी. माती तपासून घ्यायची असेल तर हाच महिना बरा. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खड्डा घ्या आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीनं खरवडा. सगळी एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरवा. सावलीत वाळवा. खत घालून दोन-तीन महिने झालेले असावेत. बांधाजवळची, झाडाखालची आणि उकिरड्याची जागा टाळा. बैलहोंगलकडच्यांनी मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात आणि गोकाककडच्यांनी अरभावीच्या बागायत महाविद्यालयात चौकशी करावी.

मोगरा_शहापूर

फुलझाडांचं लिहिते.

गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडं पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या आसपास. आता खोल छाटू नका. पानं गेली की उघड्या फांद्यांची साल उन्हानं भाजते, आणि जी कोवळी फूट येते तिच्यावर फुलकिडे तुटून पडतात. या महिन्यात फक्त सुकलेलं फूल काढायचं. फुलाखालून मोजत या, पहिलं पाच दलांचं पान येईल. त्याच्या वर पाव इंचावर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप. डोळा आतल्या बाजूचा ठेवला तर फांद्या मधेच गर्दी करतात. कलमाच्या गाठीच्या खालून जी फूट येते ती रानगुलाबाची. ती कापू नका, ओढून मुळापासून फाडून काढा, कापली की चार येतात. पानाची दलं सात म्हणून रानटी, असं धरू नका, काही चांगल्या जातींनाही सात असतात. फूट कुठून निघाली तेवढंच बघा.

मोगऱ्याचं काम खरं तर जानेवारीचं. डिसेंबरपासून पाणी तोडून झाड थकवायचं, जानेवारीच्या शेवटी जमिनीपासून दीड फुटावर छाटायचं आणि उरलेली पानं ओरबाडून काढायची. ज्यांनी केलं नाही त्यांनी शिवरात्रीपर्यंत उरकून घ्यावं, फुलं थोडी उशिरा येतील एवढंच. पाडव्याच्या तोंडावर मात्र नको. कळी नव्या फुटीच्या टोकाला येते, तेव्हा छाटलीच नाहीत तर जुन्या काड्यांना वर दोन-चार फुलं आणि खाली नुसती जाळी. छाटल्यावर आठवडाभर थांबून बुडातली माती तीन-चार इंच चाळवा. जमिनीतल्या मोठ्या झाडाला १० किलो कुजलेलं शेणखत, १२ इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड. मग भरपूर पाणी. युरियाचा मोह नको, पानं हातभर आणि कळ्या बोटावर मोजण्याइतक्या, असं होतं. कळ्या जांभळट होऊन जाळ्यात गुंडाळल्या गेल्या तर आत अळी आहे. अशा कळ्या झाडावर ठेवू नका, खाली टाकूनही देऊ नका. तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा.

जाई आणि जुई आता छाटू नका, त्यांची वेळ डिसेंबर-जानेवारीत गेली. वाळलेलं तेवढं काढा. शेवंती फुलून संपली असेल तर बुडापासून बोटभर ठेवून कापा आणि मुळाजवळचे फुटवे वाढू द्या. चार-पाच पानांचे झाले की मुळासकट अलगद सोडवून अर्धवट सावलीत लावा. पावसाळ्यात चिखलात जुनं बूड कुजतं, तेव्हा हेच फुटवे पुढच्या वर्षीचं बेणं. उन्हाळ्यात रंग हवा असेल तर गलांडा आणि झेंडू आत्ताच पेरा. गलांड्याचं बी नुसतं मातीवर टाकून हातानं दाबायचं, वर माती ओढायची नाही.

वडगाव_शिवार

भाजीचं सांगतो. वेलवर्गी पेरायला रात्रीचा गारवा कमी व्हावा लागतो. माती थंड असली की कारलं आणि दोडका बी कुजवतात, उगवत नाहीत. म्हणून फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा बरा.

आळं दीड फूट रुंद, एक फूट खोल. एक घमेलं कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड, वरची माती परत. दोन दिवस भिजवून ठेवा आणि मग पेरा. कारल्याचं बी कठीण असतं, टोकाची कड नखकापणीनं किंचित उघडा, २४ तास पाण्यात, मग ओल्या फडक्यात कोंब दिसेपर्यंत. काकडी-दोडक्याला रात्रभर पुरे. एका आळ्यात चार बिया, इंचभर खोल, नंतर दोन चांगली रोपं ठेवायची. काळ्या मातीत वर पापुद्रा धरतो आणि कोंब मोडतो, म्हणून बी मातीनं न झाकता गांडूळखतानं किंवा वाळू-शेणखतानं झाका. दोडका-कारल्याला वेलात तीन फूट, ओळीत पाच फूट. मांडव आधी उभारा, वेल हातभर झाल्यावर खड्डे घेतले तर मुळं तुटतात.

दुधीचा वेल मांडवापर्यंत सरळ न्या, वाटेतल्या बगलफुटी काढा. मांडवावर चढला की शेंडा खुडा. मादी फुलं बाजूच्या फुटींवर जास्त येतात, सरळ पळणाऱ्या वेलावर नराचीच रांग.

भेंडीला उशीर करू नका. मार्चच्या अखेरीस टाकली तर पांढरी माशी वाढलेली असते आणि केवडा, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या, रोप हातभर व्हायच्या आधी येतो. बी आठ-दहा तास भिजवा, ओळीत एक फूट, दोन रोपांत अर्धा फूट. वाफ्याच्या चारी बाजूंनी आधीच ज्वारी किंवा मक्याच्या दोन ओळी टाका, माशी तिथं अडते. पहिलं पिवळं रोप दिसलं की दया न दाखवता उपटा. अर्का अनामिका आणि परभणी क्रांती या केवड्याला तोंड देणाऱ्या जाती म्हणून आल्या, पण आता त्याही पूर्वीसारख्या टिकत नाहीत, तेव्हा जातीच्या भरवशावर राहू नका.

मेथी, पालक आता तुऱ्यावर जातात. माठ, अंबाडी, चवळी घाला. माठाचं बी वाळूत मिसळून फेका, २५-३० दिवसांत कापणीला.

गच्चीवरची_फुलं

काकडी आणि दुधीला फुलं खूप, फळ नाही. बोटाएवढं होतं आणि पिवळं पडून गळतं. कीड की पाणी कमी?

वडगाव_शिवार

आधी हे बघा : गळालेल्या फळाच्या अंगावर टाचणीएवढं छिद्र, डिंकासारखा थेंब, वाकडेपणा आहे का? असेल तर फळमाशी. फळ सरळ, स्वच्छ आणि फुलाकडच्या टोकापासून सुकत गेलं असेल तर परागीकरण झालं नाही.

पहिले दहा-पंधरा दिवस नुसती नर फुलंच येतात, तेव्हा काळजी नको. मादी फुलाच्या मागं छोटं फळ असतं, नराला नुसता दांडा. गच्चीवर मधमाशा कमी येतात, हातानं करावं लागतं, आणि इथंच लोकांची वेळ चुकते. काकडी, कारलं, भोपळा, घोसाळं पहाटे उमलतात, त्यांना सकाळी आठच्या आत. दुधी आणि दोडका संध्याकाळी पाचनंतर उमलतात. सकाळी दहाला दुधीचं फूल बघाल तर ते मिटलेलं, सुकलेलं असणार. त्यांना दिवेलागणीला करा. नर फूल तोडा, पाकळ्या मागं सोला, परागाचा दांडा मादीच्या मधल्या भागावर हलक्या हातानं तीन-चार वेळा फिरवा. एका नरावर दोन-तीन माद्या होतात. केलेल्या फुलाच्या देठाला दोरा बांधून ठेवा. तीन दिवसांत फळ वाकून खाली झुकलं की लागलं.

एप्रिलचं ऊन वाढलं की नर फुलं अजून वाढतात, माद्या घटतात. म्हणून लवकर पेरायचं म्हणतो.

निपाणी_मळा

फळमाशीला सापळा लावताना गोळी कुठली ते बघून घ्या. आंब्याला मिथाईल युजेनॉल, वेलवर्गीला क्यू-ल्युअर. दुकानात दोन्हीला "फळमाशीची गोळी" म्हणतात आणि आंब्याची गोळी काकडीच्या मांडवात लावली तर सापळा रिकामा राहतो. मळ्यात एकरी पाच-सहा, परड्यात एक पुरे, तोही वेलापासून थोडा लांब. त्यात फक्त नर सापडतात, मादी फळात अंडी घालतच राहते, म्हणून गळालेली फळं रोज वेचा. खतात टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा किंवा दोन फूट खोल पुरा.

आमच्या भागात मावा-तुडतुड्यांना तंबाखूचा काढा मारायची जुनी पद्धत आहे. मी ती सुचवणार नाही. निकोटीन कातडीतून अंगात जातं, उघड्या हातानं काढा हाताळला तरी गरगरतं, आणि पालेभाजीवर तर अजिबात नको. शिवाय तंबाखूवरचा मोझॅक विषाणू टोमॅटो आणि मिरचीला लागतो. तंबाखू मळलेल्या हातानं टोमॅटोचे फुटवे खुडले तरी पसरतो. आधी साबणानं हात धुवा.

त्यापेक्षा ५ टक्के निंबोळी अर्क. ५० ग्रॅम निंबोळीच्या मगजाची भरड रात्रभर अर्ध्या लिटर पाण्यात, सकाळी फडक्यातून दोनदा गाळा, एक लिटर करा, १ ग्रॅम साबण. त्याच दिवशी संध्याकाळी संपवा. निंबोळ्या मागच्या मे-जूनच्या असाव्यात, त्याहून जुन्यांत दम राहत नाही. बुरशी आलेल्या घेऊ नका.

आणि भुरीसाठी, म्हणजे पांढऱ्या पुडीसारख्या बुरशीसाठी, गंधक मारणाऱ्यांनो, काकडीवर्गाला गंधक सोसत नाही, पानं करपतात. आंब्याला चालतं, काकडीला नको.

जांभा_खानापूर

आंब्याचं काढलंत ते बरं. मोहर फुललाय आणि सकाळी दव, दुपारी ढगाळ, ही भुरीची हवा. मोहराच्या देठावर पांढरी पूड दिसली की पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, १० लिटरला २० ग्रॅम. ऊन चढल्यावर मारू नका, मोहर भाजतो. मोहर पूर्ण उमलला असताना सकाळची फवारणी टाळा. आंब्याचं परागीकरण मुख्यत्वे माश्या आणि लहान किडे करतात, ते सकाळीच कामाला असतात.

पाणी. मोहर निघण्यापासून फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत देऊ नका, मोहराऐवजी पालवी निघायची भीती असते. वाटाण्याएवढं झालं की मोठ्या झाडाला १५० ते २०० लिटर, पंधरा-पंधरा दिवसांनी तीन वेळा. बुंध्याशी ओतू नका. अन्न घेणारी मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, तिथं गोल चर काढून द्या. वाटाणा, गोटी आणि अंडं, या तीन अवस्थांना पोटॅशियम नायट्रेट १ टक्का, म्हणजे १० लिटरला १०० ग्रॅम, फवारलं तर गळ कमी होते. काढणीच्या महिनाभर आधी पाणी बंद.

फळं थोडी गळतातच. एका मोहरावर शेकडो फुलं, टिकतात एक-दोन, झाडाला तेवढीच पेलतात. फणसाचंही तसंच. लहान फणस काळे पडून गळतात म्हणून घाबरून औषध मारतात लोक. ते नर फुलोरे असतात, त्यांचं काम संपलेलं असतं. खालचे तेवढे गोळा करा, त्यावर बुरशी वाढते.

संकेश्वरी_वाफा

पावसाळी पिकाच्या बेण्याची तयारीही आत्ताच करायची असते, ती राहून जाते. शिवरात्रीच्या उपासाला रताळी आणाल तेव्हाच १२५-१५० ग्रॅमची, किडीचं भोक नसलेली, एकसारखी वेचून ठेवा. जूनमध्ये वेल लावायचे तर तीन महिने आधी, म्हणजे मार्चमध्ये बेण्याचा वाफा हवा. दोन फुटांवर सरी, सरीवर वीतभर अंतरानं रताळी, दोन इंच माती वर. पहिले दहा दिवस एक दिवसाआड पाणी, नंतर तीन दिवसांनी. दीड महिन्यानं वेल कापून वीतभराचे तुकडे दुसऱ्या मोठ्या वाफ्यात लावा. तिथले शेंडे जूनला लावणीला येतात. शेंड्याकडचा तुकडा चांगला, बुडाकडच्यात सोंड्या किडा असायची भीती.

संकेश्वरीचं बी ठेवायचं असेल तर झाडावरच पूर्ण लाल झालेल्या, दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याच्या मिरच्या घ्या. शेजारी दुसऱ्या जातीची मिरची असेल तर ते बी धरू नका, किडे पराग इकडचा तिकडं नेतात आणि पुढच्या वर्षी फळ भलतंच येतं. सावलीत वाळवून, राखेत मिसळून, झाकणाच्या डब्यात.

कुंडीतली_मेथी

शेणखत आणलं, त्यात पांढऱ्या, वाकड्या जाड अळ्या निघाल्या. मुळं खाणारी हुमणी असेल का? सगळं फेकून देऊ?

काळंरान_अथणी

फेकू नका, आधी ओळखा. अळी सपाट फरशीवर ठेवा. पाठीवर उताणी होऊन सरपटत गेली तर ती फुलभुंग्याची, कुजलेलंच खाते, खत बनवायला मदतच करते. पाय असलेल्या बाजूनं, कुशीवर वळवळत रखडत गेली तर हुमणी किंवा गेंड्या भुंग्याची समजा आणि वेचून काढा. नारळ असेल तर गेंड्या भुंगा विशेष बघा, उकिरड्यातच वाढतो.

अर्धवट कुजलेलं खत हे हुमणीचं घर. खत हातात घेतल्यावर गरम लागलं, शेणाचा वास आला, काडी ओळखू आली, तर अजून दोन महिने कुजायला हवं. उन्हात तीन इंचांचा थर पसरून दोन दिवस वर-खाली करा. अळ्या वर येतात, साळुंक्या आणि बगळे वेचतात. मग चाळून घ्या. चाळलेल्या खतात मेटारायझियम बुरशीची पावडर, १०० किलोला १ किलो, ओलसर करून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा आणि मगच वाफ्यात. उन्हात ठेवली तर बुरशी मरते, आणि त्याच वाफ्यात बुरशीनाशक ओतलं तरी मरते.

आपला सगळा उसाचा पट्टा, त्यामुळं हुमणी बांधापलीकडून येतच राहणार. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की त्याच संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभळीवर जमतात. साडेसात ते नऊ ही वेळ. खाली ताडपत्री अंथरून फांदी हलवा आणि पडलेले रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. मादी मातीत परतली की अंडी घालते, म्हणून पहिल्या दोन-तीन पावसांच्या संध्याकाळी वेचलेलेच कामाचे. गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी केलं तर जास्त बरं, एकट्याच्या परड्यातले वेचले आणि शेजारच्या बाभळीवरचे तसेच राहिले तर तेच परत येतात. ताडपत्री आणि बॅटरी आत्ताच हाताशी काढून ठेवा.